पोलिसांनी ताब्यात घेतलं तर: पहिल्या २४ तासांत राज्यघटना कशी वापरायची

राज्यघटनेच्या तिसऱ्या भागातले मूलभूत हक्क शाळेत पाठ करून घेतात. पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेल्या माणसाला मात्र त्यातली तीनच कलमं तातडीने लागतात. कलम २० सांगतं की कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही आणि एकाच गुन्ह्याची शिक्षा दोनदा होणार नाही. कलम २१ नुसार कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कुणाचं जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावता येत नाही. कलम २२ मध्ये अटकेची कारणं कळण्याचा, आपल्या पसंतीचा वकील गाठण्याचा आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं जाण्याचा हक्क आहे. कलम १९ मधली भाषण-संचार वगैरे स्वातंत्र्यं फक्त नागरिकांना आहेत, पण २०, २१ आणि २२ या देशात असलेल्या कुणालाही लागू होतात. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर २० आणि २१ ही कलमं आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. २२ ला तेवढं कवच नाही.

ही कलमं अमलात कशी आणायची याची रीत १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. त्याआधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. पोलीस आणि वकील दोघांच्याही तोंडी अजून जुने आकडे आहेत: ‘४१-अ ची नोटीस’, ‘१५१ खाली उचललं’ (गुन्हा टाळण्यासाठी आधीच केलेली अटक), ‘१०७ ची चॅप्टर केस’ (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई). म्हणून खाली नव्या कलमाबरोबर गरज पडेल तिथे जुना आकडाही दिला आहे. २० ते २२ आणि २२६ ही कलमं घटनेची, वेगळं सांगितलं नसेल तर बाकीची या नव्या संहितेची.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. हक्क मोडला हे खरं असलं तरी पुरेसं नसतं. तो किती वाजता मोडला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे कोर्ट विचारतं. पुढचं बहुतेक सगळं या दोन प्रश्नांभोवती फिरतं.

‘चौकशीला या’ असा फोन आला

फोनवर बोलावणं हे कायदेशीर बोलावणं नाही. नम्रपणे एवढंच विचारा: ‘साहेब, लेखी नोटीस द्याल का? कोणत्या कलमाखाली?’ हे विचारणं म्हणजे असहकार नव्हे. नोटीस दोन प्रकारची असते आणि त्यांतला फरक मोठा आहे.

साक्षीदार म्हणून बोलावलं तर कलम १७९ (जुनं १६०) लागतं. आदेश लेखी हवा, आणि तुम्ही त्या पोलीस स्टेशनच्या किंवा लगतच्या स्टेशनच्या हद्दीत राहणारे हवे. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायला लावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं.

संशयित म्हणून बोलावलं तर कलम ३५(३) (जुनं ४१-अ) ची नोटीस येते. ही नोटीस आली म्हणून घाबरून पळणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण ती खरं तर अटकेला पर्याय म्हणून दिलेली असते. ठरल्या दिवशी हजर राहिलात, अटी पाळल्यात, तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गैरहजर राहिलात तर ते संरक्षण तुम्ही स्वतःच घालवलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, अटकेची गरज का आहे ते पोलिसांनी लिहून दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावणं ग्राह्य नाही, हेही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर दुर्लक्ष करू नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि वकिलामार्फत ‘रीतसर नोटीस द्यावी, आम्ही हजर राहायला तयार आहोत’ असं लेखी उत्तर द्या.

हजर राहिलात की नोटिशीच्या आपल्या प्रतीवर आल्या-गेल्याची वेळ लिहा आणि ठाणे अंमलदाराची सही मागा. सही मिळाली नाही तर बाहेर पडल्याबरोबर पोलीस स्टेशनच्या अधिकृत ई-मेलवर दोन ओळी पाठवा. पुढे ‘तपासात सहकार्य केलं नाही’ असा रिपोर्ट आला तर हाच मेल उपयोगी पडतो.

घड्याळ कधी सुरू होतं

चोवीस तासांबाबत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सकाळी १० ला माणूस उचलला, दिवसभर ‘चौकशी’ चालली आणि रात्री ९ ला अटक दाखवली, तर कागदावर ११ तास कुठेच दिसत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने अटक म्हणजे स्वातंत्र्य गेलं तो क्षण. कस्टम्सच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच हे सांगितलं आहे: अधिकाऱ्याने कागदावर टाकलेली वेळ म्हणजे अटकेची वेळ नव्हे, माणसाला निघून जायची मोकळीक उरली नाही, तिथून अटक सुरू होते. २४ तासांतून फक्त अटकेच्या जागेपासून कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वजा होतो. रविवार, दिवाळी, दुसरा शनिवार वजा होत नाहीत. सुटीच्या दिवशी रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात.

म्हणून घरच्यांनी पहिलं काम करायचं ते वेळेचा पुरावा जमवायचं. शेजारच्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही, शेवटच्या फोनची नोंद, पोलिसांच्या गाडीचा नंबर, पाहणाऱ्या दोघांची नावं. खासगी कॅमेऱ्यांचं फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं, तेव्हा त्याच दिवशी कॉपी घ्या.

तीन कागद

पहिला कागद अटक पंचनामा, म्हणजे अटकेचा मेमो. कलम ३६ नुसार त्यावर घरच्या एका माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी, आणि अटक झालेल्याचीही. सही करण्याआधी वेळेचा रकाना वाचा. तो कोरा असेल किंवा चुकीचा असेल तर सहीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘मला प्रत्यक्षात सकाळी १० वा. अमुक ठिकाणाहून ताब्यात घेतले.’ लिहू दिलं नाही तर तेच वाक्य दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटला सांगायचं. अटक करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असायला हवी, हेही याच कलमात आहे. १९९६ च्या डी. के. बसू निकालातून ही सगळी रीत आली.

दुसरा कागद अटकेच्या कारणांचा, आणि माझ्या मते तिन्हींत हाच सगळ्यात वजनाचा. कलम २२(१) आणि कलम ४७ (जुनं ५०) त्याला आधार देतात. छापील फॉर्मवर ‘पुराव्यात ढवळाढवळ करू नये म्हणून’, ‘पळून जाऊ नये म्हणून’, ‘पुढील तपासासाठी’ अशा चौकटी असतात आणि त्यांवर बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. ही झाली कुणालाही लागू पडणारी सर्वसाधारण सबब. अटकेची कारणं म्हणजे या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे: कोणती घटना, कोणती तारीख, त्याचा सहभाग कोणता. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये उलगडून सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं: कारणं कळवली हे सिद्ध करण्याचं ओझं पोलिसांवर, आणि ती कळवली नसतील तर नंतर दोषारोपपत्र दाखल झालं म्हणून बेकायदा अटक कायदेशीर होत नाही. मग महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम सर्वच गुन्ह्यांना लागू झाला: कारणं लेखी हवीत, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत हवीत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगून, मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी लेखी हाती पडली पाहिजेत.

‘मिळाले’ म्हणून सही करताना खाली वेळ टाकायला विसरू नका. वेळ नसलेली सही पोलिसांच्या उपयोगाची, तुमच्या नाही. मात्र अपेक्षा वास्तव ठेवा. लेखी कारणं मिळाली नाहीत तर अटक आणि रिमांड रद्द होऊन सुटका होऊ शकते, पण गुन्हा संपत नाही. पोलीस कारणं लेखी देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात.

तिसरा कागद म्हणजे कळवल्याची नोंद. कलम ४८ नुसार अटक झालेला सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटक आणि ठिकाण कळवायचं असतं आणि कुणाला कळवलं ते पोलीस स्टेशनच्या नोंदवहीत लिहायचं असतं. पाठ असलेला एक तरी फोन नंबर सांगा. मोबाइल जप्त झाल्यावर घरचे नंबर आठवत नाहीत, ही किरकोळ वाटणारी अडचण रोज कुणाची तरी रात्र वाया घालवते. अंगझडतीत घेतलेल्या वस्तूंची पावती (कलम ४९) याच वेळी मागून घ्या.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची नाही, हा नियम. अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची असते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरील किंवा व्याधिग्रस्त व्यक्तीला अटक करायला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ही दुसरी तरतूद नवी आहे, पुष्कळांना माहीत नसते. वयाचा दाखला सोबत ठेवा.

बाहेरच्यांनी करायचा अर्ज

पोलीस स्टेशनच्या दारात गर्दी करून वाद घालण्याने काही मिळत नाही, उलट सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा मागे लागतो. एकाने आत जायचं, एकाने वकील गाठायचा, एकाने हा अर्ज पाठवायचा:

‘प्रति, मा. पोलीस अधीक्षक / पोलीस आयुक्त. विषय: श्री. / श्रीमती ______ यांना ताब्यात घेतल्याबाबत. वरील व्यक्तीस दि. ____ रोजी ____ वा. ____ येथून ____ पोलीस स्टेशनच्या कर्मचाऱ्यांनी ताब्यात घेतले आहे. अटकेची कारणे व ठिकाण आम्हास कळवलेले नाही. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे त्यांस २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावे, वकिलास भेटू द्यावे, वैद्यकीय तपासणी करावी व पोलीस स्टेशनचे या वेळेचे सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे.’

हा अर्ज ई-मेलने पाठवा आणि एक प्रत आवक टपालात देऊन पोच घ्या. त्याच मेलची प्रत संबंधित मॅजिस्ट्रेट कोर्टाला जाऊ द्या. भाषा कडक नको, वेळा अचूक हव्यात. सीसीटीव्हीची ओळ गाळू नका: पोलीस स्टेशनच्या सर्व भागांत कॅमेरे बसवून चित्रीकरण १८ महिने ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तरी मागणी उशिरा केली की ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवावी लागते.

प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असायला हवा, आणि प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये व जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायचं असतं (कलम ३७). पोलीस स्टेशनने ‘असा कुणी इथे नाही’ म्हटलं तर नियंत्रण कक्षाला विचारा. गुन्ह्याची (एफआयआरची) प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर २४ तासांत चढवायची असते. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत.

वकिलाचे पैसे नसतील तर थांबू नका. कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकिलाला पात्र असते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००.

आत असताना काय बोलायचं, कशावर सही

नाव, पत्ता, वय खरं सांगा. आरोपाविषयीच्या प्रश्नांना ‘वकिलाशी बोलल्यावर सांगतो’ हे पूर्ण उत्तर आहे. कलम ३८ नुसार चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. गप्प राहणं हा हक्क आहे, खोटं बोलणं नाही. अर्धवट खरं, अर्धवट रचलेलं उत्तर हे मौनापेक्षा कितीतरी घातक ठरतं, कारण ते तपासून खोटं पाडता येतं.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब सहसा न्यायालयात तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मग पोलीस तो घेतात कशाला? कारण तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. हत्यार, चोरीचा माल ‘काढून दिला’ असे पंचनामे त्यासाठीच असतात. चौकशीतल्या जबाबावर सही घ्यायची नाही, असं कलम १८१ (जुनं १६२) सांगतं. कोऱ्या कागदावर कधीच नाही. करावीच लागली तर सहीआधी कागदावर आडवी रेघ मारा. बोटांचे ठसे आणि अक्षराचे नमुने मात्र नाकारण्याचा हक्क कलम २० मध्ये नाही. १९६१ पासून हे ठरलेलं आहे. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० मध्ये ठरलं.

मेडिकलच्या वेळी पोलीस शेजारी उभे असतात आणि डॉक्टर घाईत विचारतो, ‘काही त्रास?’ तिथे ‘नाही’ म्हणालात की मारहाणीची तक्रार जवळपास संपली. जखम कुठे आहे, कशाने झाली, कधी झाली हे सांगा. कलम ५३ नुसार जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ डॉक्टरने लिहायची असते आणि अहवालाची प्रत तुम्हाला किंवा तुम्ही नेमलेल्या माणसाला द्यायची असते. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी.

मॅजिस्ट्रेटसमोरचे ते दोन मिनिट

पहिल्या रिमांडला प्रत्यक्ष हजर करावंच लागतं, व्हिडिओवर चालत नाही. कोर्ट हमखास विचारतं: ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतात, कारण परत त्याच लॉकअपमध्ये जायचं असतं. ही भीती खोटी नाही. पण रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) ‘तक्रार नाही’ लिहिलं गेलं की पुढे उच्च न्यायालयापर्यंत ते वाक्य आडवं येतं. सांगायचं ते तीन वाक्यांत: खरी ताब्यात घेतल्याची वेळ, लेखी कारणं मिळाली की नाही आणि किती वाजता, मारहाण झाली असल्यास अंगावरची जागा. वकिलाने तेच मुद्दे लेखी पुरशिसमध्ये (कोर्टाला द्यायच्या निवेदनात) देऊन रेकॉर्डवर घ्यायला सांगायचं. वकील नसेल तर ‘मला सरकारी खर्चाने वकील हवा’ असं म्हणा. पहिल्याच हजेरीला हा हक्क सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, तो पोलीस स्टेशनमध्येच मिळायला हवा. आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर माणूस निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्या हमीवर, सोडायचं असतं. अजामीनपात्र गुन्ह्यात पोलीस पीसीआर (पोलीस कोठडी) मागतात. एकूण १५ दिवसांची ही कोठडी आता तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येते. एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळाला म्हणजे पीसीआरची टांगती तलवार गेली, हा जुना ठोकताळा त्यामुळे आता धरून चालत नाही.

तारखा स्वतः मोजा. ६० दिवसांत, आणि दहा वर्षं वा अधिक, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. रिमांडचा पहिला दिवस यात धरतात. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा), यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा) अशा कायद्यांत मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. अर्ज मुदत संपल्यावर, पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करायचा. एक दुपार उशीर झाला आणि दोषारोपपत्र आधी दाखल झालं, तर हक्क गेला.

ठावठिकाणाच लागत नसेल तर

दोन वाटा आहेत. कलम १०० (जुनं ९७) खाली प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट किंवा उपविभागीय दंडाधिकारी बेकायदा डांबलेल्या माणसाच्या शोधासाठी वॉरंट काढू शकतात. स्वस्त आणि जवळची वाट, तरी फार थोडे वापरतात. दुसरी वाट कलम २२६ खाली उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिका, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा अशी मागणी. ती नातेवाईक, मित्र, कुणीही करू शकतो. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर इथे, आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते. घरच्यांनी पाठवलेला तो पहिला ई-मेल इथे जोडपत्र म्हणून लागतो. मॅजिस्ट्रेटने रिमांड दिल्यावर ही याचिका सहसा टिकत नाही. मग जामीन किंवा रिमांडच्या आदेशाला आव्हान हाच मार्ग.

स्थानबद्धता वेगळी

एमपीडीए (धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याचा महाराष्ट्राचा कायदा) किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध केलं, म्हणजे पुढचा धोका टाळायला खटल्याशिवाय डांबलं, तर २४ तासांचा आणि वकिलाचा हक्क लागू होत नाही. घटनेनेच तो कलम २२(३) मध्ये वगळला आहे. उरतं कलम २२(५): आदेशाची कारणं कळणं आणि लवकरात लवकर निवेदन देता येणं. तेव्हा निवेदन ताबडतोब द्या, स्थानबद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याला आणि शासनाला वेगवेगळं, तुरुंग अधीक्षकाची तारखेसह पोच घेऊन. समजणाऱ्या भाषेत कागद न देणं आणि निवेदनावर विनाकारण उशीर करणं, या दोन कारणांवर असे आदेश वारंवार रद्द होतात. तडीपारीच्या आदेशाविरुद्ध शासनाकडे अपील करायला ३० दिवस असतात.

सुटल्यावर

कोठडीतल्या छळाची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षात करावी लागते. राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. बेकायदा कोठडीबद्दल भरपाई उच्च न्यायालय कलम २२६ खाली थेट देऊ शकतं, त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लागत नाही. १९८३ पासून न्यायालयांनी ती दिली आहे. अटक मेमो, कारणांची प्रत, मेडिकल, रोजनाम्याची प्रमाणित नक्कल आणि ई-मेलची पोच हे पाच कागद जोडा. प्रमाणित नकलेचा अर्ज सुटल्याच्याच आठवड्यात कोर्टाच्या नक्कल विभागात टाका.